संघाचा सूत्रधार कोण ?

इंग्लंडच्या वायव्येकडील लिव्हरपूल बंदरांत ज्या वादांनीं घरोघरच्या पंगती रंगतात, त्यांत 'आपल्या फुटबॉल-संघाचा पुढील मॅनेजर कोण व्हावा' हा वाद अग्रगण्य होय. आमच्याकडील तरुण मंडळीही आतां रात्रीं जागून हे सामने पाहतात आणि तितक्याच हिरिरीनें ह्या वादांत पडतात. घरांतील वडीलधाऱ्यांना हें प्रकरण काय आहे तें ठाऊक असावें, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

'मॅनेजर' ह्या शब्दाचें 'व्यवस्थापक' हें भाषांतर मला रुचत नाहीं. हिशेब, तिकिटें व मैदानाची निगा पाहील तो व्यवस्थापक. हा गृहस्थ अकरा खेळाडू निवडतो, डावपेंच ठरवितो, कोणास बसवावें व कोणास उठवावें हें पाहतो आणि संघ हरल्यास दोष मात्र एकटा पत्करतो. नांदीनंतर पडद्याआड जाऊन सर्व नाटकाचीं सूत्रें हातीं ठेवणारा असा जो, त्याला आपल्या परंपरेंत सूत्रधारच म्हणतात.

बिल शँक्ली हा स्कॉटिश मनुष्य १९५९ च्या डिसेंबरांत लिव्हरपूलास आला, तेव्हां संघ दुसऱ्या वर्गांत खितपत पडला होता. १९६२ सालीं त्यानें तो पहिल्या वर्गांत आणिला आणि पुढें १९६४, १९६६ व १९७३ सालीं लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें. १२ जुलै १९७४ रोजीं त्यानें अकस्मात् पद सोडल्याचें जाहीर केलें. टेलिव्हिजनचा बातमीदार ही वार्ता भर रस्त्यांत लोकांना सांगूं लागला, तर कित्येकांना ती थट्टाच वाटली. त्याच्या जागीं बॉब पेझ्ली नेमला गेला. हा १९३९ पासून क्लबांत होता. आधीं खेळाडू, मग दुखापतींवर उपचार करणारा, शेवटीं शँक्लीचा साहाय्यक. मितभाषी, संकोची, आणि मौज अशी कीं, ही जागा त्याला स्वतःलाच नको होती ! पहिल्या वर्षीं हातीं एकही मोठा चषक लागला नाहीं. नंतर मात्र १९८३ पर्यंत ह्या मुखदुर्बळ माणसानें लीगचीं सहा अजिंक्यपदें आणि तीन वेळां युरोपियन कप जिंकिला.

इकडे शँक्ली सरावाच्या मैदानावर येतच राहिला. खेळाडू त्याला पूर्वींप्रमाणेंच 'बॉस' म्हणून हांक मारीत; नव्या धन्याला त्याची अडचण होऊं लागली आणि अखेर 'आपण येऊं नये' असें त्याला सुचविण्यांत आलें. तें त्याच्या मनाला फार लागलें. निवृत्त शिक्षकाला ह्या प्रसंगाची फोड करून सांगावी लागत नाहीं. जुन्या शाळेच्या फाटकाशीं आपण किती वेळां जावें, हा प्रश्न ज्याचा त्यानेंच सोडवावा लागतो.

घरांतल्याच माणसाला गादी द्यावी, ही श्रद्धा येथून दृढ झाली. पेझ्लीनंतर जो फेगन, त्याच्यानंतर १९८५ सालीं केनी डॅल्ग्लिश, तोही खेळाडू असतांनाच. पहिल्याच मोसमांत त्यानें लीग व एफ्. ए. कप दोन्ही जिंकिले. परंतु लिव्हरपूलचे लोक त्याची आठवण काढतात ती केवळ त्यामुळें नव्हे. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरींत त्यांचे आप्तेष्ट सांपडले. मृतांची संख्या पुढें ९७ झाली. डॅल्ग्लिश एकामागून एक अंत्यविधींस गेला, एका दिवशीं तर चार ठिकाणीं. ज्याच्या खांद्यावर डोकें ठेवून गांव रडलें, तो लोकांच्या लेखीं केवळ पगारी नोकर कसा राहील ? लोक मॅनेजरच्या निवडीवर इतके कां भांडतात, ह्याचें उत्तर मला तरी येथेंच सांपडतें.

१९९८ सालीं रॉय एव्हन्स व जेरार उलिए असे दोघे एकाच पदावर नेमण्याचा प्रयोग झाला. एका घरांत दोन कर्ते ! नोव्हेंबर उजाडतांच एव्हन्सनें राजीनामा दिला.

आतां लोकांचेंच खरें झालें, तो प्रसंग पाहा. २०१० च्या जुलैंत रॉय हॉजसनची नेमणूक झाली. अनुभवी, सभ्य गृहस्थ. पण लोकांच्या मनांत तो कधीं बसलाच नाहीं. वर्षअखेरीस घरच्या मैदानावर तळाच्या वुल्व्हज संघाकडून हार झाली, आणि प्रेक्षकांतून डॅल्ग्लिशच्या नांवाचा गजर होत असे तो काय सांगावा ! जानेवारी २०११ मध्यें मालकांनीं डॅल्ग्लिशला परत आणिलें. २०१२ सालीं लीग कप मिळाला, पण लीगमध्यें संघ आठवा आला आणि मे महिन्यांत डॅल्ग्लिशलाही निरोप मिळाला. प्रेमानें माणूस परत येतो. गेलेला काळ परत येत नाहीं.

मालक अमेरिकन आणि लोकांना मताधिकार शून्य. स्पेनमधील बार्सिलोना व रेआल माद्रिद ह्या क्लबांचे सभासद अध्यक्ष तरी मतदानानें निवडतात. येथें तेवढेंही नाहीं. ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध फेब्रुवारी २०१६ मध्यें हजारों लोक ७७ व्या मिनिटास उठून चालते झाले, तेव्हां मालकांना माघार घ्यावी लागली. दराच्या बाबतींत असा निग्रह चालतो. सूत्रधाराच्या बाबतींत, मला वाटतें, तो चालूं नये. पण ओरडण्याचा हक्क कोणी काढून घेऊं नये.

२६ जानेवारी २०२४ रोजीं युर्गेन क्लॉपनें मोसमाअखेर जाण्याचें जाहीर केलें. ३० वर्षांनंतर, २०२० सालीं, लीग जिंकून देणारा हाच. लोकांची निवड तत्काळ ठरली : शाबी अलोन्सो. २००४ ते २००९ तो ह्याच संघांत खेळलेला आणि त्याच मोसमांत जर्मनींतील लेव्हरकूझेनला लीगमध्यें अपराजित ठेवून विजेतेपदाकडे नेणारा. 'आपला' आणि कर्तबगार, दोन्ही ! परंतु मार्चच्या अखेरीस त्यानें तेथेंच राहण्याचें ठरविलें. क्लबाच्या अधिकाऱ्यांनीं आंकड्यांची छाननी करून हॉलंडच्या फेयेनूर्द संघाचा आर्ने स्लॉट निवडला. ह्या नांवाचा जयघोष ॲनफील्डच्या मैदानावर कधीं झालेला नव्हता. २७ एप्रिल २०२५ रोजीं टॉटनहॅमला ५-१ हरवून त्यानें पहिल्याच वर्षीं लीग जिंकिली. क्लबाचें तें विसावें अजिंक्यपद.

त्याच वर्षीं २२ नोव्हेंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्टनें त्याच मैदानावर लिव्हरपूलला ३-० हरविलें. चार दिवसांनीं हॉलंडच्या पी. एस्. व्ही. संघानें ४-१. सामना संपण्यापूर्वींच लोक उठून घरीं निघाले होते, आणि जेवणाच्या टेबलांवर पुन्हां नांवें मोजलीं जाऊं लागलीं. पहिलें नांव अलोन्सोचेंच होतें.