फुगलेले झाकण

कोकणातल्या अनेक घरांत मोबाइलचे नेटवर्क एका ठरावीक खिडकीतच येते. मग मुठीत मावणारा वायफाय हॉटस्पॉट, ज्याला घरोघरी ‘डोंगल’ म्हणतात, त्याच खिडकीत मुक्कामाला असतो. चार्जरची वायर त्याला कायमची जोडलेली. मुलांचा ऑनलाइन क्लास, घरून चालणारे ऑफिसचे काम, आजीची मालिका, सगळे त्याच्या जिवावर. दीड-दोन वर्षांनी एके दिवशी वीज जाते आणि हॉटस्पॉट दोन मिनिटांत विझतो. उचलून टेबलावर ठेवावा तर तो सपाट बसत नाही, डुगडुगतो. मागचे झाकण मधोमध वर आलेले असते.

झाकणाला वर ढकलते ती आतली फुगलेली बॅटरी. ‘हा तर कायम चार्जरवरच असायचा, बॅटरी वापरली कुठे?’ असा प्रश्न मग पडतो. खरे कारण त्या ‘कायम चार्जरवर’मध्येच दडलेले आहे. लिथियम आयन बॅटरी वापराने झिजते, तशी ती नुसती भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत राहूनही म्हातारी होते.

ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नेहमीच्या प्रकारात एक सेल पूर्ण भरला की त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. या दाबाखाली आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, स्वस्थ बसत नाही. तो हळूहळू विघटित होतो, ग्रॅफाइटवर थर साचत जातो, लिथियम त्यात अडकून पडते आणि थोडाथोडा वायू तयार होतो. बंद वेष्टनातून त्याला बाहेर पडायला वाट नसते. पूर्ण भरलेली बॅटरी २५ अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली, तर तिची क्षमता साधारण ८० टक्के उरते. ४० अंशांना ती ६५ टक्क्यांच्या आसपास येते. तीच ४० टक्के भरून २५ अंशांना ठेवली तर सुमारे ९६ टक्के टिकते. खिडकीतले ऊन, चार्जिंगची ऊब आणि दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जोर लावणारा हॉटस्पॉट, हे तिन्ही एकत्र आल्यावर ४० अंश काही लांब नसतात.

फुगलेली बॅटरी दिसली की चार्जर काढावा आणि हॉटस्पॉट बंद करावा. बॅटरी सहज निघत असेल तरच काढावी. स्क्रूड्रायव्हरने उचकटणे, दाबून झाकण बसवणे आणि सुईने टोचून ‘हवा काढणे’ हे तीन उद्योग कटाक्षाने टाळायचे. आतले दोन थर वेगळे ठेवणारा पडदा केसाहून पातळ असतो. तो फाटला की थर एकमेकांना भिडतात, उष्णता भडकते आणि धूर येतो. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसे पोळतो आणि फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उशिराही सुरू होऊ शकतो. म्हणून धूर आला तर आधी सगळ्यांनी खोलीबाहेर पडावे. नंतर दम लागला तर ‘आता तर बरे होते’ म्हणत न थांबता डॉक्टर गाठावा. गळलेला द्रव त्वचेला लागला तर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे.

बॅटरी बदलण्याचे काम एका मिनिटाचे. योग्य बॅटरी निवडण्यात खरी परीक्षा. मूळ मॉडेल बंद झालेले असते, मग तेवढ्याच आकाराची मोबाइलची बॅटरी कागदाची घडी सारून बसवली जाते. आकार जुळला म्हणजे बॅटरी जुळली असे नाही. जुन्या लेबलवर ३.७ व्होल्ट लिहिले असेल तर ती सहसा ४.२ व्होल्टपर्यंत भरायची असते, ३.८ व्होल्टवाली अनेकदा ४.३५ पर्यंत. दुसऱ्या प्रकारच्या हॉटस्पॉटमध्ये पहिली बॅटरी घातली, तर ती रोज मर्यादेबाहेर भरली जाऊ शकते. कडेच्या सोनेरी पट्ट्याही पाहाव्यात. प्लस आणि मायनसखेरीज असलेली तिसरी पट्टी बहुधा तापमान कळवण्यासाठी असते. तिची जागा चुकली तर चार्जिंग होत नाही, किंवा बॅटरी तापते आहे हे हॉटस्पॉटला कळतच नाही. म्हणून लेबलवरचा बॅटरीचा कोड अक्षर न् अक्षर जुळवावा.

२३०० एमएएचच्या जागी त्याच आकारात ५००० एमएएच देणारी बॅटरी दिसली, तर तो आकडा फक्त छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर शोधावा. उत्पादनाची तारीखही वाचावी. दुकानाच्या खणात वर्षानुवर्षे पडून पार उतरलेल्या सेलमध्ये तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. ‘ओरिजिनल, सीलबंद’ असली तरी पाच वर्षांपूर्वीची बॅटरी नकोच.

नवी बसवल्यावर हॉटस्पॉट उन्हातून हलवावा, निदान खिडकीच्या सावलीच्या कोपऱ्यात, आणि रात्री चार्जर काढावा. काही मॉडेल बॅटरी काढूनही थेट चार्जरवर चालतात. माहितीपुस्तिकेत तशी मुभा असेल तर घरात तेच बरे. दिवसरात्र एकाच जागी इंटरनेट हवे असेल, तर खिशातल्या यंत्राला राबवण्यापेक्षा सिम घालायचा, बॅटरी नसलेला राउटर परवडतो.

राहता राहिली जुनी बॅटरी. तिच्या लेबलवर कचऱ्याच्या डब्यावर फुली मारलेले चित्र असते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथेच पेटू शकते. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा संकलन केंद्रावर नेईपर्यंत पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, पावसाला आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी.