फुटणाऱ्या बाटल्यांची तबकडी

'मेटॅलिक के. ओ.' या तबकडीच्या शेवटाकडे गायक इगी पॉप गाणं बाजूला ठेवून लिलाव पुकारावा तसं ओरडतो: बर्फ, जेलीच्या गोळ्या, अंडी, उरलंसुरलं काही असेल तर येऊ द्या, पैसे मोजलेत तुम्ही! वाक्य संपतं न संपतं तोच कुठेतरी काच खळ्ळकन फुटते.

स्थळ डेट्रॉइटचं मिशिगन पॅलेस, तारीख ९ फेब्रुवारी १९७४. इगीचा रॉक बँड 'द स्टूजेस' मोडकळीला आला होता. आदल्या वर्षी आलेला त्यांचा 'रॉ पॉवर' हा अल्बम फारसा खपला नव्हता. त्यातच काही दिवसांपूर्वी एका कार्यक्रमात मोटारसायकलवाल्या टोळीतल्या धटिंगणाने इगीला बदडलं होतं. गप्प बसेल तो इगी कसला! रेडिओवर जाऊन त्याने अख्ख्या टोळीलाच आव्हान दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बँडच्या ओळखीच्या एका माणसाने हा कार्यक्रम साध्या स्पूल टेपवर उतरवून घेतला. ती टेप बँडचा गिटारवादक जेम्स विल्यमसन आणि ब्रिटिश पत्रकार निक केंट यांच्यामार्फत पॅरिसच्या 'स्कायडॉग' कंपनीकडे पोचली आणि १९७६ साली तिची तबकडी निघाली. अखेरचा कार्यक्रम म्हणून ती गाजली खरी, पण पहिली बाजू मुळात त्याच सभागृहातल्या ६ ऑक्टोबर १९७३च्या प्रयोगाची आहे. दोन्ही बाजू लागोपाठ ऐका, प्रेक्षकांचा पारा बदललेला लगेच कळतो. पुढे १९८८च्या दुहेरी आवृत्तीत दोन्ही रात्रींचं बरंच जास्त ध्वनिमुद्रण आलं.

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. वादनही, खरं सांगायचं तर, यथातथाच. पण चांगल्या ध्वनिमुद्रकाने हीच रात्र टिपली असती, तर त्याने आधी प्रेक्षकांचा गोंगाट दाबला असता, म्हणजे नेमका ऐवजच फेकून दिला असता. गिटारच्या तारांवर बिअरच्या बाटल्या फुटताना ऐकू येतात अशी ही एकमेव रॉक तबकडी, असं समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी लिहिलं ते कौतुकानेच.

शेवटचं गाणं 'लुई लुई'. किंग्जमेनने १९६३ साली मुद्रित केलेलं हे गाणं इतकं अस्पष्ट होतं की शब्द अश्लील आहेत की काय याचा तपास अमेरिकेच्या एफबीआयने केला आणि शब्दच लागत नाहीत असा निष्कर्ष काढून हात टेकले. इगीने त्यात जाणूनबुजून अश्लील शब्द घातले, आणि ते मात्र स्पष्ट ऐकू येतात.

तो बँडचा शेवटचा कार्यक्रम ठरला. पुढची जवळपास तीस वर्षं स्टूजेस रंगमंचावर दिसला नाही. मिशिगन पॅलेसचं आयुष्य तर त्याहून विचित्र. हेन्री फोर्डने १८९६ साली आपली पहिली मोटार जिथे जोडली, त्याच जागेवर १९२६ साली हे नाट्यगृह उभं राहिलं. पुढे ते पाडायचं म्हटलं, तर लगतच्या कार्यालयीन इमारतीला धोका होता, आणि तिथल्या भाडेकरूंना तर गाड्या लावायला जागा हवी होती. म्हणून आतल्या खुर्च्या काढून मजले घातले. नक्षीदार छत वर तसंच आहे, अर्धंमुर्धं गळालेलं, आणि खाली रांगेत मोटारी उभ्या असतात.