स्पर्शाने पाहावयाची कला

प्रदर्शनात शिरताच ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी दिसते. डोळसांस ती शिस्त वाटते. अंधांस मात्र ती बंद दारासारखीच असते. इटलीतील आल्दो ग्रास्सिनी व दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्यास निरनिराळ्या संग्रहालयांत हाच अनुभव आला. त्यांच्या प्रेरणेने आंकोना नगरपालिकेने १९९३ साली ‘ओमेरो’ हे स्पर्शसंग्रहालय स्थापन केले. परंपरेने अंध मानलेल्या महाकवी होमरचे हे इटालियन नाव होय. १९९९ साली त्यास राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा लाभला. प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृती, पार्थेनॉनसारख्या वास्तूंचे लहान नमुने आणि आधुनिक शिल्पकारांच्या मूळ कृती तेथे हातांनी पाहता येतात. डोळसांनाही ते खुले आहे.

डोळा आधी संपूर्ण आकृती पाहतो व मग बारकावे टिपतो. हात एकेक भाग चाचपतो आणि त्यांतून मनात आकृती जुळवितो. म्हणूनच स्पर्शाला अवधी लागतो. आणि मंदिराएवढी वास्तू समजण्यास हातांच्या कवेत मावेल असा नमुना लागतो.

आपल्या वर्गात दृष्टिहीन मूल असल्यास शालेय प्रदर्शनात त्यास केवळ वर्णन ऐकविणे पुरेसे नव्हे. मातीची बैलजोडी, उठावाचा नकाशा, धान्याची कणसे त्याच्या दोन्ही हातांत द्यावीत. प्रथम संपूर्ण वस्तूवरून हात फिरवू द्यावा, नंतर एकेक भाग सांगावा. घाई करू नये. आणि त्याने स्वतः घडविलेली मातीची वस्तूही इतर मुलांच्या वस्तूंच्या रांगेतच मांडावी.