ओरिजिनल आहे का?

मेसच्या रांगेत ताट घेऊन उभं असताना माझ्या मनगटाकडे बघून हा प्रश्न मला निदान वीस जणांनी तरी विचारला असेल. काळी तबकडी, फिरणारी बेझल, स्टीलचा पट्टा. लांबून १९५३ सालच्या रोलेक्स सबमरीनरची आठवण होणारच! जवळ आल्यावर कळतं की तबकडीवर नावच नाही. मग पुढचा प्रश्न, "कुठल्या कंपनीचं?" कुठल्याच नाही, मी रूमवर बनवलंय.

खरं तर "बनवलंय" हा शब्दही जरा जास्तच झाला. घड्याळाचं यंत्र, म्हणजे मूव्हमेंट, मी विकत आणली. सेकोची एनएच ३५. चोवीस ज्वेल्स, हात हलला की आपोआप चावी बसते, पूर्ण चावीवर साधारण ४१ तास चालते. कंपनी ती इतरांनाही विकते, त्यामुळे जगभरचे हौशी लोक तीच वापरतात आणि तिच्या मापाच्या केस, तबकड्या, काटे सुटे मिळतात. म्हणजे उरली फक्त असेंब्ली. "त्यात काय एवढं?" असं मेकॅनिकलवाल्यांना वाटेल. मलाही वाटलं होतं.

याची सुरुवात मात्र वाईट झाली. सुट्टीत घरी असताना उत्साहाच्या भरात बाबांचं जुनं एचएमटी जनता उघडलं आणि चिमटा घसरून हेअरस्प्रिंगची वाट लावली. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. बाजारातल्या घड्याळजी काकांनी भिंग लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "शिकायचं तर स्वतःच्या घड्याळावर शिक."

काकांनी दिलेला पहिला धडा धुळीचा. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, अर्धा तास थांबायचं आणि पंखा बंद. एप्रिल महिन्यात पंखा बंद! माझा रूम पार्टनर पांघरूण घेऊन गच्चीवर झोपायला गेला. पण काका बरोबर होते. काचेखाली अडकलेला एक कण डोंगराएवढा दिसतो. त्यापायी मी केस चार वेळा उघडली.

खरी परीक्षा काट्यांची. तासकाट्याचं भोक १.५ मिमी, मिनिटकाट्याचं ०.९ आणि सेकंदकाट्याचं ०.२. वर्कशॉपमध्ये आपण प्रेस फिट शिकतो, तोच हा, फक्त हायड्रॉलिक प्रेसच्या जागी स्वतःचा अंगठा आणि धरलेला श्वास. आधी तारीख बदलेपर्यंत क्राउन फिरवायचा. तारीख बदलली म्हणजे रात्रीचे बारा, तिथे तासकाटा आणि मिनिटकाटा बरोबर बारावर बसवायचे. नाहीतर तारीख दुपारच्या जेवणाला बदलते. सेकंदकाटा मी तिरपा दाबला, त्याची नळी चेपली, दुसरा मागवला. क्राउनचा दांडा कापताना तर अर्धा मिलिमीटर जास्त उडवला. लांब राहिला तर घासता येतो, आखूड झाला की टाकूनच द्यायचा, हे व्हायव्हात कुणी विचारत नाही. आणखी आठ दिवस गेले.

आता वेळ जुळवण्याबद्दल. यातला बॅलन्स ताशी २१,६०० ठोके देतो, म्हणजे सेकंदाला ६, दिवसाला ५,१८,४००. यातले फक्त ६० ठोके इकडेतिकडे झाले की दिवसाला १० सेकंदांची चूक! म्हणजे ८,६४० मध्ये एक. कंपनी स्वतः दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढीच हमी देते. मोबाइलच्या माइकवर टिकटिक ऐकून ठोके मोजणारी ॲप्स आहेत. ती लावायची आणि बारीक दांडी केसभर सरकवायची. दांडीनं हेअरस्प्रिंगची कामाची लांबी कमी केली की घड्याळ पुढे पळतं, वाढवली की मागे पडतं. एकदा ते दिवसाला काही मिनिटं पळायला लागलं, तेव्हा मी रडकुंडीला आलो. नंतर कळलं, रात्री ते स्पीकरवर ठेवत होतो. लोहचुंबकामुळे स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, म्हणजे पुन्हा लांबीच कमी होते. काकांच्या डीमॅग्नेटायझरनं दोन सेकंदांत काम केलं.

राहिला नावाचा प्रश्न. तबकडी मागवताना मुकुटाच्या चिन्हाची तबकडीही मिळत होती. मित्र म्हणाले, घे की, इंटरव्ह्यूला छाप पडेल. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मनात घोळत होतं. घाट कुणासारखा तरी असणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव लावणं वेगळं, दुसरं म्हणजे सरळसरळ नकली माल. शिवाय एवढा पंखा बंद ठेवून घाम गाळायचा आणि नाव दुसऱ्याचं? कोरी तबकडी घेतली.

सध्या माझं घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जातं. बाबांचं जनता अजून काकांच्या दुकानात आहे. एचएमटी वॉचेस बंद करायला २०१६ साली सरकारनं मंजुरी दिली, त्यामुळे सुटा भाग आता दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावा लागेल. तसं एखादं मिळालं की फोन करतो म्हणालेत. कुणाच्या घरी बंद पडलेलं जनता असेल तर रूमवर येऊन भेटा.