कर्जाबरोबर आलेला विमा : कागद वाचा, हक्काचे मागा



पावसाळ्याआधीच्या वाडीभेटीत एक कातकरी ताई आपले लोन कार्ड घेऊन आल्या. मालक वारल्याला सहा महिने झाले होते. गटाचा हप्ता चुकू नये म्हणून त्या वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरत होत्या. कार्डावर बारीक अक्षरांत एक ओळ होती : विमा, पती-पत्नी दोघांचा. त्याचे पैसे कर्ज देतानाच कापून घेतले होते. म्हणजे मालकांच्या मृत्यूनंतर राहिलेले कर्ज विम्यातून फिटायला हवे होते. पण विमा काढला आहे हेच ताईंना ठाऊक नव्हते. "साहेबांनी दाखवलं तिथं अंगठा दिला," एवढेच त्या म्हणाल्या.

मृत्यूचा दाखला, कार्ड आणि अर्ज दिल्यावर त्यांचे कर्ज बंद झाले. मृत्यूनंतर भरलेले हप्तेही परत आले.

त्याच वाडीत एका आजींच्या कर्जातूनही विमा कापला होता. प्रमाणपत्रावर मात्र त्यांचे वय कमी लिहिलेले. त्यांच्या खऱ्या वयाला तो विमा लागूच होत नव्हता. म्हणजे पैसे गेले, आणि प्रसंग आला असता तर दावाही फेटाळला गेला असता. त्यांचे पैसे परत मिळायला चार महिने आणि तीन अर्ज लागले.

दोन्ही घरांचे दुखणे एकच. पैसे कशासाठी कापले, हे कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

विमा वाईट नाही. कमावता माणूस गेला तर कर्जाचे ओझे विधवेवर आणि लेकरांवर पडू नये म्हणूनच तो असतो. वाईट आहे ते न विचारता गळ्यात घालणे, "विमा घेतलाच पाहिजे, नाहीतर कर्ज नाही" असे सांगणे, किंवा ज्याला लाभ मिळूच शकत नाही त्याला तो विकणे.

हे फक्त गरिबांच्या वाड्यांवर घडते असेही नाही. ब्रिटनमध्ये बँकांनी लाखो कर्जदारांना 'पेमेंट प्रोटेक्शन' नावाचा विमा असाच विकला. निवृत्त किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्या अनेकांना त्याचा उपयोगच नव्हता. २०११ मध्ये बँका न्यायालयात हरल्या. पैसे मागण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती, आणि एकूण ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत द्यावी लागली. आपल्याकडे असा सरसकट परतावा नाही. ज्याने त्याने आपला अर्ज करावा लागतो. नियम मात्र आपल्या बाजूचे आहेत.

नियम काय सांगतो?

वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेल्या सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार लोन कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. विमा त्याच्या पूर्ण संमतीनेच द्यायचा, आणि त्याचे पैसे किती हे कार्डावर स्पष्ट लिहायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे कर्ज देताना वैयक्तिक कर्जदारांना मुख्य तथ्य पत्रकही द्यावे लागते. बँकेत त्याला केएफएस म्हणतात. कर्जाचा खरा वार्षिक खर्च त्यात दाखवताना विम्याचे पैसेही धरावे लागतात.

बँक खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, आणि २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा योजना. दोन्ही ऐच्छिक आहेत. दोन्हींचे संरक्षण २ लाखांचे आहे, पण सुरक्षा विमा फक्त अपघातासाठी असतो. नको असेल तर बँकेत लेखी कळवून बंद करता येतात. पण बंद करण्याआधी घरात नीट विचार करा. आणि घरात कोणी वारले असेल तर त्यांचे पासबुक आधी तपासा.

पैसे कसे मागायचे?

१. लोन कार्ड, केएफएस, पासबुक आणि विम्याचे प्रमाणपत्र एकत्र ठेवा. मंजूर रक्कम आणि हातात आलेली रक्कम ताडून पाहा. प्रमाणपत्र मिळाले नसेल तर लेखी मागा.

२. नाव, वय, वारसाचे नाव आणि विम्याची मुदत तपासा. वैयक्तिक जीवन विमा नवा असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत तो परत करता येतो. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. गटविमा असल्यास प्रमाणपत्रावरची मुदत पाहा. कर्ज मुदतीआधी फेडले असेल तर उरलेल्या काळाच्या विम्याचे काही परत मिळते का, हे विचारा.

३. शाखेत साध्या मराठीत अर्ज द्या. कर्जाचा क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम, त्या वेळी काय सांगितले गेले आणि आता काय हवे, एवढे पुरे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.

४. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर बँक वा वित्त कंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. विमा कंपनीविरुद्धची तक्रार विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते. पुढे विमा लोकपाल आहे. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. लोकपालाकडे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

५. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करायची असते, म्हणून जुने कर्ज असेल तर उशीर करू नका. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी सिंधुदुर्गनगरीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोन क्रमांक १५१००.

दोन गोष्टी विसरू नका. तक्रार चालू असताना कर्जाचा हप्ता थांबवू नका, नाहीतर थकबाकीचा शिक्का बसेल. आणि "विम्याचे पैसे मिळवून देतो, ओटीपी सांगा" किंवा "आधी फी भरा" असा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा.

ज्या ताईंपासून सुरुवात केली, त्यांना अक्षर वाचता येत नाही. त्यांचे कार्ड सहा महिने पत्र्याच्या पेटीत होते. वाचणारा कोणी आधी बसला असता, तर मुकादमाची उचल घ्यावी लागली नसती. वाचकहो, आपल्या शेजारच्या वाडीत, आपल्याकडे कामाला येणाऱ्यांच्या घरी अशी कार्डे नक्की असतील. या तिमाहीत एका तरी घरी दहा मिनिटे बसा आणि ते कार्ड मोठ्याने वाचून दाखवा.