उजळाईवाडीचा विमानतळ, दिव्यांसकट!

कोल्हापूरचा उजळाईवाडीतला विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, 1939 चा. मार्च 2024 मध्ये नवं टर्मिनल झालं. त्याच्या दगडी कमानी बघून बाहेरगावचे पाहुणे आधी फोटो काढतात, मग बॅगा उचलतात!

पण माझ्या मते खरी प्रगती कमानींपलीकडे आहे. धावपट्टी आधी 1370 मीटर होती, ती 1930 झाली. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानांना एवढी पुरते. एअरबस भरून उतरवायची तर आणखी लांबी हवी, म्हणून 2300 मीटरचा आराखडा आहे.

दुसरी गोष्ट रात्रीच्या उतरण्याची. धावपट्टीच्या कडेला ‘पापी’ नावाचे चार दिवे असतात (नावावर जाऊ नका, काम पुण्याचं आहे). वैमानिकाला दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतरण्याचा कोन बरोबर. चारही पांढरे म्हणजे विमान फार उंच, चारही लाल म्हणजे धोकादायक खाली. रात्री उतरण्याची सोयच नसली की संध्याकाळी उशीर झालेलं विमान सरळ दुसरीकडे वळवावं लागतं.

आता तेवढी शहरात जायला नेमाने बस मिळाली, की झालं. रिक्षाचं भाडं ऐकून विमान स्वस्त वाटतं राव!