एका घराची अनेक घरे

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) लंडनमध्ये एकमेकांस लागून बांधलेली विटांची तीन-चार मजली घरे एकेका कुटुंबासाठी होती. त्यांतील अनेकांचे पुढे मजलेवार फ्लॅट झाले.

हे काम केवळ आडभिंती घालण्याचे नव्हे. प्रथम स्थानिक नगरसंस्थेची परवानगी लागते. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीत फेरफार करावयाचा तर १९९६ च्या कायद्यान्वये त्यास दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. लाकडी तुळयांवरील फळ्यांच्या जमिनीतून आवाज व आग दोन्ही सहज पार होतात. म्हणून तुळयांमध्ये खनिज लोकर भरून खाली जिप्समच्या पाट्यांचे दुहेरी छत करतात. दोन फ्लॅटांमधील जमिनीने बोलण्याचालण्याचा आवाज किमान ४३ डेसिबेलने अडविला पाहिजे, असा तेथील नियम आहे.

परंतु जिना, छप्पर व पाया यांची वाटणी होत नाही. छप्पर गळाले तर पाणी वरच्याच्या घरात येते आणि खालचा खर्चास तयार नसतो. यास्तव दुरुस्तीचा प्रत्येकाचा वाटा करारपत्रातच नमूद करतात.

आम्हां व्यापाऱ्यांस हे तत्त्व नवे नाही. भागीदारीत नफ्याची वाटणी सर्वांच्या ध्यानात राहते; तुटीची मात्र कागदावर असावी लागते. वडिलोपार्जित वाडा वाटून घेणाऱ्या बंधूंनी भिंत घालण्यापूर्वी छपराचा हिशेब लिहून ठेवावा, इतकेच आमचे सांगणे आहे.